भिंतीला टेकलेली फळी

धरमतरच्या खाडीतून मालवाहू बार्ज गेला की मागं उठणाऱ्या लाटेवर निलेश होडीची जुनी फळी टाकायचा आणि तिच्यावर उभा राहून काठापर्यंत यायचा. गेल्या शिमग्यात एकटी फळीच आली.

त्याच्या आईनं, बायजाबाईनं ती घराच्या भिंतीला टेकवून ठेवली. तेव्हापासून बार्ज गेला की फळीतून खारं पाणी ठिबकायचं. निलेशची बहीण दिपिका ते पुसून घ्यायची.

"आये, चुलीत घालू ही? तू जेवत नायस गो."

"राहू दे. दमून येतो तो."

आज बार्ज गेला. लाट काठावर येऊन विरली, पोरानं आईच्या मांडीवर डोकं टाकावं तशी. फळी कोरडी ठाक राहिली. दिपिकाला हायसं वाटलं. तिनं फळी फोडायला कोयता उचलला.

बायजाबाईनं तिचा हात धरला.

"हळू गो. आज लाटेवर गेला नाय तो. आत निजलाय."