थपडेचा आवाज

"मॅडम, स्टेजवर तुम्हाला कुणी खरंखुरं मारलंय?"

पैज माझ्या वर्गातल्या ऋजुतानं लावली होती, विचारलं मी. आमच्या शाळेत कार्यशाळा घ्यायला आलेल्या डॅनिश अभिनेत्री लिंडेगोर मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी डाव्या कानावरचे पांढरे केस मागे सारले.

"कोपनहेगनच्या एका नाटकात माझ्या नवऱ्याचं काम करणारा नट रोज खरी थप्पड मारायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे. एकदा कानाचा पडदा फाटला, मानेवर रक्त आलं. तसाच अंक पुरा केला आणि म्हटलं, यापुढं हात लावायचा नाही. तर नाटकवाल्यांनी मलाच काढलं. मग सिनेमात गेले. तिथं चाळीस वर्षं मार खाल्ला, एकही फटका लागला नाही."

त्यांनी मला उभं करून हात उगारला. तळवा गालाजवळून सर्रकन गेला आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी छातीशी टाळी वाजवली. फाटकन आवाज झाला, अख्खा वर्ग दचकला. तो आवाज मार खाणारीनंच काढायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या एकांकिकेत मला थप्पड मारणाऱ्या शंतनूला सर सांगतात, "जोरात हाण, खरं वाटलं पाहिजे." कालच्या तालमीत माझा ओठ फुटला.

घरी आई म्हणाली, "त्या नाटकातून नाव काढ बघू." बाबा म्हणाले, "शनिवारी स्पर्धा आहे, तेवढं सोस."

"नाव काढणार नाही आणि सोसणारही नाही," मी म्हणाले. "उद्या सरांना ही टाळीची युक्ती करून दाखवते. तरी शनिवारी शंतनूचा हात लागला, तर प्रेक्षकांना कारण सांगून तिथंच नाटक थांबवणार. तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसा."