सोललेलं संत्रं

बाबांनी त्या रविवारी तिला संत्रं सोलून दिलं. लेक चाळिशीची झाली तरी ते प्रत्येक फोडीचे पांढरे दोरे काढून देत. पुढच्या रविवारी हॉस्पिटलात त्यांनी तिला घाणेरडी शिवी हासडली आणि तिने भरवलेली फोड तिच्याच तोंडावर थुंकली.

डॉक्टर म्हणाले, "शरीराचं रक्षण करणारी प्रथिनंच यांच्या मेंदूवर उलटली आहेत. सूज आलीय. हे बोलणं त्यांचं नाही." बाबा त्यातून उठले नाहीत.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तंबाखूची पिंक टाकून काका म्हणाले, "कसा शिवेल? जन्मभर गोड बोलला आणि शेवटी खरा रंग दाखवून गेला. पोरीलासुद्धा सोडलं नाही!" दोघाचौघांनी माना डोलावल्या.

काकांच्या हनुवटीवरचा तपकिरी ओघळ पाहून तिने तोंड फिरवलं. बाबांची थुंकी गालावरून पुसताना तिला अशी किळस आली नव्हती. तेव्हाही बाबांच्या खाटेशी काका हेच म्हणाले होते आणि ती नुसता गाल पुसत राहिली होती.

आता ती पिंडापाशी जाऊन सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "बाबा, शिव्या सुजेच्या होत्या. संत्रं तुमचं होतं."