आजोबांच्या मोटारीतला रेडिओ
आजोबांकडून आलेल्या जुन्या मोटारीत रेडिओ नवा बसवायचा, पण दिसायला जुनाच हवा, असा मालकाचा हट्ट. वायरमनने दोन दिवस खपून तो बसवला. "वहिनी, लावून बघा," तो मालकाच्या बायकोला म्हणाला. ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून तिने रेडिओचा कान पिळला. गाणं लागताच ती खुदकन हसली. "माझ्याआधी हात लावलास?" दाराशी उभ्या मालकाने तिची मान धरून कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. पुन्हा आपटलं. रेडिओची काच रक्ताने माखली. आपणच तिला सांगितलं, या विचाराने वायरमनचं डोकं फिरलं. त्याने हातातला पाना मालकाच्या मनगटावर हाणला. हाड कडकन मोडलं. मालक किंचाळत खाली बसला. रक्त पुसत ती स्टिअरिंगपुढे सरकली. किल्ली गाडीलाच होती. "भाऊ, बसा, हे सोडणार नाहीत तुम्हाला." "तुम्ही माहेर गाठा," तो दार लावत म्हणाला. "यांना मी धरून ठेवतो."