रंगीत तालीम

लेकीची शाळा सुरू व्हायला आठवडा उरला, तेव्हा बस चालवणाऱ्या आईने रजा काढली. बुटाची नाडी, शर्टाची बटणं, डब्याचं झाकण, सगळं नणंदेने आधीच शिकवून ठेवलं होतं. आईच्या वाट्याला एकच काम उरलं : सोडून जाताना रडायचं नाही, ही सवय लावणं. तिने लेकीला खुर्चीवर बसवलं. "ही तुझी शाळा. आता मी जाते हं," म्हणत ती दाराबाहेर गेली आणि कान लावून उभी राहिली. हुंदका ऐकू आला की धावत जाऊन तिला पोटाशी धरायचं, असं तिने ठरवलंच होतं. "टाटा!" लेक आनंदाने ओरडली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा टाटा. "आता आत्या जाणार," आई म्हणाली. नणंदेने चपलेत पाय घातला मात्र, लेकीने तिच्या पायांना मिठी मारून घर डोक्यावर घेतलं. आईचा नुसता जळफळाट झाला. "वहिनी, शाळेत तुम्हीच सोडा हिला," तिला कडेवर घेत नणंद भाबडेपणाने म्हणाली, "तुम्ही गेलात की ती रडत नाही." पहिल्या दिवशी फाटकापाशी आकांत चालला होता. लेक मात्र आईचा हात सोडून हसत आत पळाली. "किती छान तयारी करून घेतलीत!" शाळेतल्या बाई म्हणाल्या. शेजारी एका मुलाने आपल्या आईच्या गळ्याला विळखा घातला होता. दोघी मदतनीस त्याची बोटं सोडवत होत्या आणि त्याची आई ओशाळून सगळ्यांना सॉरी म्हणत होती. "सॉरी कसलं म्हणताय?" बसवाली आई तिच्यावर खेकसली.