काऊचा घास

केतकीनं मेतकूट-भात कालवून सत्तावीस वर्षांच्या अन्वयपुढे घास धरला. उद्या पंगतीत नवरी त्याला घास भरवणार होती, म्हणून तो जेवायला शिकत होता. लहानपणापासून दंडावरची पट्टी त्याच्या रक्तात परस्पर अन्न सोडायची. त्याच्या पोटानं मेंदूला कधी हाक मारलीच नव्हती.

त्यानं घास घेतला. तोंडाला पाणी सुटेना, घास घशाखाली उतरेना.

"आई, आता पुढं काय करायचं असतं गं?"

पट्टी लावायच्या संमतीपत्रावर सही केतकीचीच होती. "हा घास चिऊचा, हा काऊचा" म्हणत वाटी घेऊन त्याच्यामागे धावण्याचा तेव्हा तिला कंटाळा आला होता.