चवथीपुरती होडी

सातव्या यंत्रानेही पुलाला ओ दिली नाही.

दत्तप्रसादने कपाळावरचा घाम पुसला आणि शेवटच्या, आठव्या यंत्राची तार जोडली. डिचोलीच्या खाणीपासून जेटी आणि पणजीच्या कचेरीपर्यंत कंपनीचे संगणक एकमेकांना जोडलेले होते. त्या जाळ्यातली यंत्रं धड आहेत की आजारी, हे त्यांना विचारायच्या दोन भाषा. एक सीएमआयपी. मोठी, शास्त्रशुद्ध, जगभरच्या समित्यांनी पसंत केलेली. दुसरी एसएनएमपी, चार शब्दांत काम उरकणारी. ती तात्पुरती आहे असं जाणकार सांगायचे. शहाण्याने कुठली धरावी? दत्तप्रसाद शहाणा होता, हेच नडलं.

मोठ्या भाषेतला देखरेखीचा प्रोग्राम तो चार वर्षं रचत होता. त्याला तो पूल म्हणे. चोपडे गावचा माणूस तो, नदीवर पूल होण्याची वाट बघतच मोठा झालेला. तोवर अडू नये म्हणून छोट्या भाषेतला एक प्रोग्राम त्याने सुरुवातीलाच तीन दिवसांत खरडला होता. ती होडी. घाईचं कारण चवथ. गणपतीला कोण गोंयकार कामावर थांबतो? आपल्यामागे होडीकडे कोणाला बघायला लागू नये, एवढीच काळजी त्याने घेतली होती.

पुढच्या तीन चवथी मात्र पुलाने खाल्ल्या. "औंदा तरी येतलो मरे?" त्याचा म्हातारा बाप महादेव विचारी. "पूल पुराय जावंदी, बाबा," हा म्हणे. म्हातारा एकटाच गणपतीवर फळापानांची माटोळी बांधी. गेल्या माघात तोही गेला.

महिन्यापूर्वी आलेले नवे साहेब, गोकुळदासबाब, पाठीशी उभे होते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नव्या आठांतलं एक जरी यंत्र पुलाशी बोललं, तर पूल ठेवू आणि तुलाही ठेवू.

आठवं यंत्र गप्प. दत्तप्रसादने होडी सुरू केली. यंत्र लगेच पोपटासारखं बोलू लागलं.

"जालें तर," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "पूल बंद कर. होडी पुरो. चार वर्सांत एक फावटय बंद पडूंक ना. तिका सांबाळपाक मनीसच लागना. कोणें बरयल्या रे ती? बरोच हुशार आसतलो."

 होडी कोणी लिहिली ते दाखवायला दत्तप्रसादने तिच्या पहिल्या ओळी पडद्यावर आणल्या आणि तो बाजूला झाला. रोमन अक्षरांतलं ते मराठी साहेब वाकून वाचू लागले.

"तात्पुरती. पूल झाला की काढून टाकणे. घाईत लिहिली आहे, चवथीला बाबा वाट बघतात. दत्तप्रसाद."