हिरव्या चुड्यातली मापणी

सातव्या महिन्याचे डोहाळजेवण आटोपते न आटोपते तोच मृण्मयीच्या माहेरच्या दारात सरकारी शुश्रूषाकेंद्राची गाडी येऊन उभी राहिली.

"तुमच्या शरीरातील चरबी गरोदर बाईसाठी कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली आहे," परिचारिका नम्रपणे म्हणाली. "प्रसूतीपर्यंत आता केंद्रातच राहावे लागेल."

"मोजली कोणी? मी मोजणीच्या यंत्राखाली झोपलेच नाही!" मृण्मयीला हसू आले. ती मुळातच अंगाने भरलेली. सासरी तिच्या प्रत्येक घासावर नजर असे. मोजू द्यायचे नाही, असे ठरवूनच ती माहेरी आली होती.

परिचारिकेने तिच्या मनगटाकडे बोट दाखवले. आईने सकाळी भरलेल्या हिरव्या चुड्यातली एक बांगडी काचेची नव्हती. सूक्ष्म ध्वनिलहरी सोडून ती दिवसभर तिच्या अंगातली चरबी मोजत होती.

"पहिलटकरणीच्या आईची संमती कायद्याला पुरते," परिचारिका म्हणाली.

मृण्मयीने आईकडे पाहिले. शालनताईंनी मान खाली घातली. "तुझ्याच भल्यासाठी गं, बाळे. तुझी मोजणी करून घेईन, असा विहीणबाईंना मी शब्द दिला होता."

"आणि पुरणपोळीवर तुपाची धार धरून 'आणखी एक घे' म्हणत होतीस?"

मृण्मयीने बांगडी ओढली. सुजलेल्या हातातून ती निघेना.

"बाळंतपणाआधी चुडा उतरवू नये, अपशकुन होतो," शालनताई कळवळून म्हणाल्या. "चल, मी येते सोबत. पहिले बाळंतपण आईनेच करायचे असते."

मृण्मयी एकटीच गाडीत चढली. सोबत कोण येणार, असे परिचारिकेने विचारले.

"माझ्याकडचं कोणी नाही," ती म्हणाली आणि तिने आतून दार ओढून घेतले.